बाटल्यांच्या काचेची ताटली: आधी काचेचं कूळ विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी छोटी विजेची भट्टी आहे. टाकाऊ बाटल्या आणि जुन्या खिडक्यांच्या काचा वापरून तुम्ही ताटल्या आणि वाडगे करता. पण ते ‘चपटी झालेली बाटली’च वाटतात, वर दुधाळ झाक येते, आणि काहींना तर भट्टीतून धडधाकट बाहेर आल्यावर आठ-दहा दिवसांनी, कपाटात ठेवल्या जागी तडा जातो. रंग मिसळून त्यांना देखणं कसं करायचं, त्यात खाता-पिता येईल का, आणि मोठी भट्टी घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

तुम्ही हा प्रश्न नक्षीचा म्हणून मांडलाय. मला मात्र त्या उशिरा जाणाऱ्या तड्यातच सगळं दिसतं. ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, काचेचं मात्र सगळ्यात आधी विचारावं. तुम्ही ज्याला ‘रंग मिसळणं’ म्हणताय, ते भट्टीच्या दृष्टीने वेगवेगळ्या कुळांच्या काचा एकत्र चिकटवणं आहे, आणि बहुतेक बिघाड तिथूनच सुरू होतो.

बाटली, खिडकीची काच, पाण्याचा साधा ग्लास, सगळ्या सोडा-लाइम काचा. सुमारे सत्तर टक्के सिलिका, उरलेल्यात मुख्यतः सोडा आणि चुना. म्हणून आपल्याला वाटतं, काच ती काच. पण प्रत्येक कारखान्याचं मिश्रण थोडं वेगळं असतं, आणि तेवढ्याशा फरकाने काच तापल्यावर किती फुगते आणि निवताना किती आकसते ते बदलतं. खिडकीची काच एका अंश सेल्सियसला एक कोटीत साधारण ८२ ते ८७ भाग वाढते. बाटल्यांची त्याच्या आसपास, पण नेमकी तेवढीच असेल याची हमी नाही. ओव्हनमधली किंवा प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच तर फक्त ३३ च्या घरात. ८०० अंशांना वेगळ्या उगमाच्या दोन सोडा-लाइम काचा मऊ असतात, तेव्हा भांडण नसतं. पाचशेच्या खाली त्या घट्ट होतात आणि मग एक जास्त आकसते, दुसरी कमी. एका जोखडाला वेगळ्या चालीचे दोन बैल जुंपावेत तसं. गाडी लगेच मोडत नाही, पण ओढ कायमची आत राहते. पुढे कधीतरी एखादा बारीक ओरखडा पडतो, हवेतली आर्द्रता त्या ओरखड्याच्या टोकाशी हळूहळू काम करत राहते, आणि एका रात्री तुम्हाला कपाटातून ‘टक्’ ऐकू येतं.

आधी फुटलेले तुकडे फेकू नका, ते वाचा. तड्याच्या कडेवरून बोट फिरवण्याआधी भिंगातून बघा. कड गोलसर, मऊ झालेली असेल तर तडा तापवताना गेला आणि नंतरच्या उष्णतेने कड वितळली. म्हणजे सुरुवातीला भट्टी फार घाईने चढवली. कड धारदार असेल तर तडा निवताना किंवा नंतर गेलाय. आता त्याची वाट बघा. हिरव्या आणि पांढऱ्या काचेच्या सीमेलगत तो चालत गेला असेल, तर दोन्ही काचा एकमेकींशी जुळत नाहीत. सीमा-बिमा न जुमानता ताटलीभर एका मोठ्या वळणाने, टोकाला आकड्यासारखा वळून गेला असेल, तर ॲनीलिंग, म्हणजे आतला ताण निघावा म्हणून काच ठरावीक तापमानाला थांबवून हळूहळू निववणं, कमी पडलंय. तुमच्या वर्णनावरून मला पहिलं कारण जास्त संभवतं, पण दोन्ही एकाच तुकड्यात असणंही शक्य आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत कड दिसत नाही, त्यामुळे ते तुम्हीच तपासा.

काचा जुळतात का हे बघायला महागडं उपकरण लागत नाही. एका काचेची पट्टी घ्या, तिच्यावर दुसऱ्या काचेचे नखाएवढे तुकडे ठेवा. एक तुकडा मुद्दाम त्या पहिल्याच काचेचा ठेवा. पूर्ण वितळवा, नीट ॲनील करा. मग एलसीडी पडद्यावर पांढरं पान उघडा आणि पोलराइज्ड गॉगलची काच त्यासमोर फिरवत राहा. एका कोनात पडदा काळा होतो. तिथे थांबून पट्टी दोघांच्या मधे धरा. जुळणाऱ्या तुकड्याभोवती अंधारच राहील. न जुळणाऱ्याच्या चारी बाजूंनी उजेडाचं कडं दिसेल, जितकं ठळक तितका ताण जास्त. आणि त्या पहिल्याच काचेच्या तुकड्याभोवतीही उजेड दिसला, तर दोष जुळणीचा नाही, ॲनीलिंगचा आहे. या एका चाचणीने माझं जेवढं साहित्य वाचतं, तेवढं दुसऱ्या कशानेही वाचत नाही.

रोजच्या कामात माझा नियम याहून सोपा आहे: एक भांडं, एकच उगम. एका खिडकीच्या तावदानाची ताटली त्याच तावदानातून. एकाच उत्पादनाच्या, एकाच खेपेच्या हिरव्या बाटल्या एका पेटीत, आणि पेटीवर चिठ्ठी. उगम माहीत नसलेली काच कितीही सुंदर असली, तरी मी ती एकटीच वापरते. सोयरीक जुळवायला जात नाही.

इथे तुम्ही म्हणाल, पूर्वीचे लोक तर सगळी फुटकी काच एकत्र वितळवत. खरं आहे. इटलीतल्या ग्रादोच्या किनाऱ्याजवळ १९८६ मध्ये सापडलेल्या ‘युलिया फेलिक्स’ या रोमन जहाजावर फुटक्या काचेने भरलेलं एक पिंपच होतं. भंगार काचेचा व्यापार इतका जुना. पण ती काच मुशीत पूर्ण वितळून एकजीव होई. आपल्या छोट्या भट्टीत ८२० अंशांना काच मऊ होते, चिकटते, पण मिसळत नाही. दोन काचा शेवटपर्यंत दोनच राहतात.

आता वर्ज्य काचा, थोडक्यात. लेड क्रिस्टल नको, त्यात शिसं असतं. जुन्या टीव्हीच्या चित्रनळीची काच अजिबात नको, तिच्या मागच्या भागात तर शिशाचं प्रमाण वीस टक्क्यांच्या वर असतं. बाटलीवर भाजून छापलेली रंगीत अक्षरं किंवा चित्रं असतील तर ती बाटली खाण्याच्या भांड्यासाठी बाजूला काढा. त्या रंगांत शिसं आणि कॅडमियम असू शकतं. आरसे, लेप दिलेल्या काचा, मधे प्लास्टिकचा पापुद्रा असलेली गाडीची काच, हेही नको. टफन्ड, म्हणजे उष्णतेची प्रक्रिया देऊन मजबूत केलेली काच, कापायला जाल तर तिचा चुरा होईल. तो चुरा वितळवून वापरता येतो, पण पुन्हा एकाच तावदानाचा.

दुधाळ झाकेकडे वळू. तिची कारणं तीन, आणि तिन्ही वेगळी ओळखता येतात.

पहिलं कारण बहुतेकांना ठाऊक नसतं. कारखान्यात बाटली गरम असतानाच तिला बाहेरून कथिलाच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर देतात आणि निवल्यावर वर पॉलिथिलीनचा, म्हणजे एकमेकींवर घासून ओरखडे पडत नाहीत. भट्टीत पॉलिथिलीन जळून जातं, कथिल तसंच राहतं. काच ताणली किंवा आकसली की तो थर सुरकुततो आणि धुकं पडल्यासारखं दिसतं. कितीही घासलं तरी ते जात नाही. म्हणून तुमची झाक फक्त बाटलीच्या बाहेरच्या बाजूला आहे का, ते बघा. असेल तर ती बाजू खाली ठेवायची, आतली कोरी बाजू वर.

दुसरं कारण खिडकीच्या काचेचं. पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केलेल्या फ्लोट पद्धतीत वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगत पसरते. त्यामुळे तावदानाच्या एका बाजूला कथिल किंचित मुरलेलं असतं, आणि भट्टीत तीही बाजू तशीच धूसर होऊ शकते. लघुलहरी अतिनील दिव्याखाली, अंधारात, ती बाजू फिकट दुधाळ चमकते. डोळ्यांना त्या दिव्यापासून जपा. दोन थर लावताना सगळ्या कथिल-बाजू एकाच दिशेला, खाली ठेवा. मग निदान वरचा पृष्ठभाग स्वच्छ राहील.

तिसरं कारण म्हणजे डीव्हिट्रिफिकेशन, काचेच्या पृष्ठभागावर बारीक स्फटिक धरणं. हे साधारण ७०० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात होतं आणि बोटांचे ठसे, साबणाचा अंश, दळलेल्या काचेची धूळ जिथे राहिली असेल तिथून सुरू होतं. खिडकीची आणि बाटलीची काच याला फार बळी पडते, कारण ती कारागिरांच्या भट्टीत रेंगाळण्यासाठी बनवलेलीच नसते. उपाय दोनच: काच काटेकोर स्वच्छ करा, शेवटचं पुसणं पाण्याने आणि धागे न सोडणाऱ्या कापडाने, आणि या पट्ट्यात गरजेपेक्षा एक मिनिटही जास्त थांबू नका. वरून जास्तीची दहा मिनिटं देऊन चकाकी वाढेल, असं वाटतं खरं, पण उलटच होतं.

म्हणजे इथवर: तडा काचेच्या जुळणीतून किंवा ॲनीलिंगमधून, झाक लेपातून, कथिलातून किंवा स्फटिकातून. आता भट्टी.

मी आकडे देते, पण ते तुमच्या भट्टीचे नाहीत. प्रत्येक भट्टीत तापमापक वेगळ्या जागी असतो, वरून तापणारी आणि बाजूने तापणारी भट्टी वेगळी वागते, आणि १५ अंशांचा फरक अगदी सामान्य आहे. सहा मिलिमीटरच्या सपाट तुकड्यासाठी मी तासाला १५० अंशांनी सुमारे ५५० पर्यंत चढते. तिथून जरा वेगाने ६६० ते ६७० आणि तिथे अर्धा तास, म्हणजे थरांमधली हवा कडेने निघून जाते. मग शक्य तेवढ्या लवकर ८१५ ते ८३०, दहा मिनिटं. मग झपाट्याने खाली ५५० च्या आसपास आणि तिथे एक तास. पुढे तासाला ७०-८० अंशांनी ४३० पर्यंत, त्यानंतर शंभराने. ५० च्या खाली येईपर्यंत झाकण उघडायचं नाही, फटही पाडायची नाही.

यातला ‘एक तास’ जाडीवर ठरतो, आणि इथे लोक फसतात. निवताना आत उरणारा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली तर निवण्याचा वेग निम्मा करून भागत नाही, चौथा हिस्सा करावा लागतो. आता तुमच्या चपट्या बाटलीचं बघा: भिंत तीन मिलिमीटर, बूड मात्र आठ-दहा, आणि चपटी झाल्यावर दोन्ही भिंती एकमेकींवर. पातळ भाग निवतो, जाड भाग मागे राहतो. अशा तुकड्याला सगळ्यात जाड भागाच्या हिशेबाने, खरं तर त्याच्याही दुप्पट जाडी धरून ॲनील करावं लागतं. तुमचं वेळापत्रक सपाट काचेचं असेल, तर बाटल्यांना ते पुरणारच नाही.

इथूनच देखणेपणाचा मुद्दा सुरू होतो. बाटलीची बाटलीच दिसते, कारण तुम्ही तिचा आकार तसाच भट्टीत घालता. मान आणि बूड कापून टाका. उरलेलं नळकांडं पाण्यावर चालणाऱ्या डायमंड करवतीने उभं तिघांत चिरा. निम्मं चिरलंत तर कडा उभ्या राहतात आणि कधीकधी आत कोसळतात. तीन भाग केलेत की त्या बाहेर पसरतात. या पन्हळी खोलगट बाजू वर करून ठेवा आणि साधारण ७५० अंशांना सपाट होऊ द्या. लेपाची बाजू आपोआप खाली जाते. आता तुमच्या हातात बाटली नाही, रंगीत काचेचे छोटे ताव आहेत. ते साध्या कटरने कापता येतात, पट्ट्या करता येतात, आणि त्यातून काय करायचं ते तुम्ही ठरवता.

दोन थर लावा. पूर्ण वितळलेली काच पृष्ठताणामुळे स्वतःहून सहा-सात मिलिमीटरच्या जाडीवर येऊ पाहते. एकच तीन मिलिमीटरचा थर तेवढ्या तापमानाला नेलात तर तो कडांनी आत ओढला जातो, काठ सुईदार आणि वेडावाकडा होतो. घरगुती कामात जो ‘हौशीपणा’ डोळ्यांना खुपतो, तो निम्मा या काठामुळे. म्हणून मी दोन भाजण्या करते. पहिलीत सपाट चकती. मग काठ पाण्याखाली डायमंड पॅडने घासून एकसारखा करायचा, भरड दाण्यापासून ४०० नंबरच्या बारीक दाण्यापर्यंत. दुसऱ्या भाजणीत साच्यात वाकवायची, ६९० ते ७२० दरम्यान, डोकावण्याच्या भोकातून बघत. त्याच उष्णतेत घासलेला काठ पुन्हा चकचकीत होतो.

साच्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. मातीच्या साच्याच्या आत काच बसवायची असेल तर ठीक, पण त्याच्यावरून पांघरायची असेल तर माती नको. निवताना काच मातीपेक्षा जास्त आकसते, साच्याला आवळते आणि फुटते. वरून पांघरायला स्टेनलेस स्टील घ्या. ते काचेहून जास्त आकसतं आणि स्वतःच सुटून येतं. दोन्ही साच्यांवर किल्न वॉश, म्हणजे काच चिकटू नये म्हणून लावायचा लेप, हवाच, आणि मातीच्या साच्याला तळाशी हवा जायला भोक.

रंगाबाबत माझं मत जरा कडवट वाटेल. एकाच ताटलीत हिरवा, तपकिरी, निळा असं सगळं आलं की ती रद्दीच्या दुकानासारखी दिसते. टाकाऊ काचेचं सौंदर्य एकाच रंगाच्या वेगवेगळ्या गडदपणात आहे. हिरव्या बाटलीची काच एक थर असताना कोवळी दिसते, दोन थरांत भरते, तीन थरांत जवळपास काळपट होते. तेवढ्यावरच अख्खा संच उभा राहतो: मधे एक थर कमी, काठाला एक पट्टी जास्त. जाडीतला हा फरक ॲनीलिंगच्या हिशेबात धरायचा, एवढंच. खिडकीची काच समोरून रंगहीन असते, पण काठातून बघा, लोहामुळे हिरवट-निळी झाक दिसते. म्हणून साध्या तावदानाच्या ताटलीचा काठ मी कधी झाकत नाही, उलट जाड आणि सरळ ठेवते. बारीक बुडबुड्यांना घाबरू नका. ते पृष्ठभागाखाली असतील तर शोभतात. वर फुटलेला बुडबुडा मात्र खड्डा करतो, त्यात अन्न अडकतं, तो तुकडा शोभेच्या कपाटात.

आणि संच करताना पहिलं भांडं नव्हे, चौथं भांडं बघा. एक सुंदर ताटली कुणालाही जमते. चार ताटल्या एकमेकींत नीट बसल्या, डुगडुगल्या नाहीत, वजनाला सारख्या लागल्या, की हात स्थिर झाला म्हणायचं. मी प्रत्येक चकती साच्यात ठेवण्याआधी वजन करते. व्यास आणि वजन सारखं असेल तर खोलीही जवळपास सारखी येते.

खाण्यापिण्याचं. स्वच्छ, अलंकरण नसलेली बाटलीची किंवा खिडकीची काच नीट वितळवली असेल, तर तिच्यात खायला हरकत नाही. धोका येतो तो बाहेरून घातलेल्या गोष्टींतून: अनोळखी रंग, एनॅमल (काचेवर भाजून बसवायचा रंग), धातूचा वर्ख. तांब्याचा पत्रा दोन थरांमधे पूर्ण बंद असेल तर चालेल, काठातून डोकावत असेल तर नाही. विकायचं असेल तर प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. आयएसओ ७०८६ मध्ये काचेच्या खोलगट भांड्यांतून शिसं आणि कॅडमियम किती सुटतं ते बघतात: ४ टक्के ॲसिटिक ॲसिड, २२ अंश तापमान, २४ तास. कोणत्या मर्यादा लागू होतील ते तुम्ही कुठे विकता त्यावर आहे. आंबट पदार्थ भांड्यातून धातू जास्त ओढतात, म्हणून ती चाचणी ॲसिडची.

उष्णतेबाबत ग्राहकाला स्पष्ट सांगा. ही काच ॲनील केलेली आहे, टफन्ड नाही. एकाच भांड्याच्या दोन भागांत ४० अंशांच्या आसपास फरक पडला तरी जाड काच फुटू शकते. ओव्हन नाही, मायक्रोवेव्ह नाही, फ्रीजमधून काढून वर उकळतं ओतणं नाही. डिशवॉशरचा क्षार आणि गरम पाणी सोडा-लाइम काच हळूहळू धूसर करतात, मॅट पृष्ठभाग तर लवकरच. हाताने धुवा, असं मी प्रत्येक भांड्यासोबत लिहून देते.

तुमच्या फुफ्फुसांविषयी एकच वाक्य: किल्न वॉश खरवडताना, भाजलेला फायबर पेपर (काचेखाली अंथरायचा उष्णता सोसणारा कागद) उचलताना आणि काच दळताना चांगला मास्क लावा आणि सगळं ओलं ठेवून करा.

मोठ्या भट्टीचा प्रश्न राहिला. काच फुंकण्याची भट्टी म्हणत असाल, तर नको. ती दिवसरात्र हजार अंशांच्या वर धगधगत ठेवावी लागते, आणि बाटलीची काच यंत्रांच्या वेगासाठी बनवलेली असल्याने हवेत येताच झटकन घट्ट होते. ती फुंकणारे कारागीर आहेत, पॅलेस्टाईनमधल्या हेब्रॉन आणि अफगाणिस्तानातल्या हेरातमध्ये तर पिढ्यान्‌पिढ्या, पण त्या घाईला हात तयार व्हायला वर्षं जातात. तुमच्याच प्रकारची, फक्त मोठी भट्टी म्हणत असाल, तर आधी आहे तीत एकाच बाटलीच्या खेपेच्या चार सारख्या ताटल्या काढा आणि महिनाभर रोज वापरा. चारही शाबूत राहिल्या तर मोठी घ्या. आणि घेताना आकारापेक्षा कंट्रोलरवर, म्हणजे तापमानाचे टप्पे सांभाळणाऱ्या यंत्रावर, पैसे घाला, ज्यात निवण्याचे निदान तीन टप्पे वेगवेगळे भरता येतात.